घर कोणाचें?

दिवाणी न्यायालयाच्या ओसरीवर ज्याला कांहीं काळ घालवावा लागला असेल, त्याला मनुष्यस्वभावाचा जो परिचय होतो तो पुष्कळ ग्रंथ वाचूनहि व्हावयाचा नाहीं. फौजदारी खटल्यांत बहुधा एक पक्ष कांहीं तरी लपवीत असतो आणि दुसरा तें उघडकीस आणूं पाहात असतो. आपण खोटें बोलत आहों ही जाणीव तेथें निदान एकाच्या तरी मनांत असते. घरमालक व भाडेकरू यांच्या दाव्यांत ती बहुधा दोघांपैकीं कोणाच्याच मनांत नसते. मुंबईस धोबीतलावावर जें लघुवाद न्यायालय आहे, ज्याला सारी मुंबई अद्यापि स्मॉल कॉजेस कोर्ट म्हणूनच ओळखते, त्याच्या बांकावर बसून मीं अशीं पुष्कळ माणसें पाहिलीं आहेत. वादी म्हणतो, 'माझें घर मला परत पाहिजे.' प्रतिवादी म्हणतो, 'माझें घर मी सोडणार नाहीं.' दोघेहि शपथेवर बोलत असतात, दोघेहि एकाच घराकडे बोट दाखवितात. आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं, दोघेहि आपल्या समजुतीप्रमाणें खरेंच बोलत असतात.

आपली भाषा या वादांत कोणाच्या बाजूची आहे हें पाहणें मनोरंजक आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत जन्म काढलेला मनुष्यहि संध्याकाळीं 'घरीं जातों' असेंच म्हणतो; 'भाड्याच्या जागेंत जातों' असें कोणी म्हणत नाहीं. उलट ज्याच्या मालकीच्या चार चाळी आहेत, तो त्यांना 'माझी इस्टेट' म्हणतो. त्याचें 'घर' म्हणजे तो स्वतः जेथें जेवतो व निजतो तेवढेंच. म्हणजे भाषेनें घर राहणाराच्या पदरीं टाकलें आहे आणि कायद्यानें तें खरेदीखत ज्याच्या पेटींत असेल त्याच्या. या दोहोंपैकीं न्यायाला अधिक जवळचें कोणतें? नुसत्या दीर्घ वास्तव्यानें माणसाला एखाद्या वास्तूवर नैतिक हक्क प्राप्त होतो काय? आणि होत असेल, तर तो मालकाच्या हक्काला कोठवर बांध घालूं शकतो? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडासा विचार करण्याचा हेतु आहे; आणि तो अगदीं तटस्थपणें करणें मला शक्य नाहीं, हेंहि प्रारंभींच सांगितलेलें बरें.

प्रथम कायद्याची हकीकत थोडक्यांत पाहूं. मालमत्तेच्या हस्तांतरणाचा १८८२ सालचा जो कायदा आहे, त्याप्रमाणें महिनेमहाल राहणाऱ्या भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस दिली कीं त्याचा संबंध संपला. मालक कां काढतो, हें विचारण्याचें न्यायालयाला प्रयोजन नव्हतें. जोंवर जागा मुबलक होत्या तोंवर या नियमांत कोणाला फारसा अन्याय दिसला नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत घरांची टंचाई झाली, भाडीं भडकलीं, आणि १९१८ सालीं सरकारला प्रथम निर्बंध घालावे लागले. दुसऱ्या महायुद्धानें तीच स्थिति पुन्हां आणली. त्यांतून १९४७ सालचा मुंबई भाडेनियंत्रणाचा कायदा झाला व तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जागेचें जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण भाडें ठरलें. भाडेकरू तें देत आहे व देण्यास तयार आहे तोंवर त्याला काढतां येऊं नये. काढावयाचेंच तर पोटभाडेकरू ठेवणें, सहा महिने सबळ कारणावांचून जागा वापरांत नसणें, मालकाला स्वतःसाठीं जागेची खरीखुरी गरज असणें, अशा ठराविक कारणांपैकीं एखादें सिद्ध झालें पाहिजे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयानें तेथेंच राहावें. आणि पागडी घेणें हा गुन्हा समजावा, असें या कायद्याचें स्थूल स्वरूप होतें.

या कायद्याच्या मुळाशीं जें नीतितत्त्व आहे तें निःसंशय उदात्त आहे. करार हा दोन स्वतंत्र मनुष्यांमधला असतो तेव्हांच त्याला पावित्र्य असतें. पावसाळ्याच्या तोंडावर बायकामुलें घेऊन रस्त्यावर उभा राहिलेला मनुष्य जेव्हां मागेल तें भाडें कबूल करतो, तेव्हां त्याच्या 'होय' या शब्दाला संमतीची प्रतिष्ठा देणें ही थट्टा होय. डोक्यावर छप्पर असणें ही इतर जिनसांसारखी आज न घेतली तर उद्यां घेतां येणारी जिन्नस नव्हे. म्हणून अशा वेळीं सरकारनें मध्यें हात घालावा, यांत गैर कांहींच नव्हतें.

परंतु आपत्कालासाठीं उभारलेला मांडव आपत्काल सरल्यावरहि उभाच राहिला कीं त्याखालीं निराळीच वस्ती वाढूं लागते. हा कायदा मूळचा मुदतबंद. मुदत वेळोवेळीं वाढत गेली. पन्नास वर्षांत धान्य, कापड, मजुरी, विटा, लांकूड या सर्वांच्या किंमती कोठच्या कोठें गेल्या, आणि १९४० सालच्या सप्टेंबरांतील भाडें मात्र करापुरत्या किरकोळ वाढी सोडल्या तर जागच्या जागीं राहिलें. ज्या इमारतीच्या साऱ्या भाडेकरूंचें मासिक भाडें एकत्र केलें तरी गवंड्याची आठ दिवसांची मजुरी निघत नाहीं, तिची डागडुजी मालक कोठून करणार? १९६९ सालीं स्वतंत्र कायदा करून मुंबईंतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं मंडळ नेमावें लागलें व उपकर बसवावा लागला. शेवटीं १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, भाडें असें गोठवून ठेवणारीं कलमें आरंभीं वाजवी असलीं तरी कालांतरानें अवाजवी व मनमानी झालीं आहेत. मात्र कायद्याची मुदत संपत आली होती व नवा कायदा व्हावयाचा होता, म्हणून तीं त्या वेळीं रद्द केलीं नाहींत. नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें दरसाल शेंकडा चार वाढ दिली. पण चार टक्के कशावर? त्या जुन्याच रकमेवर.

आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांना हा प्रश्न अगदींच अपरिचित नव्हता. व्यवहारकांडांत 'आगम' आणि 'भोग' असे दोन शब्द येतात. आगम म्हणजे वस्तु आपल्याकडे कशी आली त्याचें मूळ: खरेदी, दान, वारसा; भोग म्हणजे तिचा प्रत्यक्ष उपभोग. मालक डोळ्यांदेखत पाहात असून कांहीं बोलत नाहीं आणि दुसरा भूमीचा भोग घेत राहतो, अशीं वीस वर्षें गेलीं तर काय व्हावें, याचा विचार याज्ञवल्क्यानें केला आहे व तेथें मालकाची हानि होते असें म्हटलें आहे. यावर विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत मोठी मार्मिक चर्चा केली आहे. त्याचा आशय असा कीं, नुसत्या काळाच्या ओघानें स्वामित्व नष्ट होणें न्याय्य नाहीं. मालकाच्या स्वस्थ बसण्यामुळें हानि होते ती फळाची, भूमीची नव्हे. भूमि ज्याची त्याचीच; मधल्या काळांत तिनें दिलेलें उत्पन्न मात्र त्याला मागतां येणार नाहीं.

आमच्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें प्रत्यक्षांत जें केलें तें या फलहानीसारखेंच आहे, हें लक्षांत येतांच मोठा विस्मय वाटतो. मालकाचें नांव सरकारी दप्तरांत तसेंच राहिलें, घराची पट्टी त्याच्याच नांवावर येत राहिली. गेलें तें फळ. फरक एवढाच कीं, विज्ञानेश्वराचा मालक आपल्या मौनामुळें फळाला मुकला होता; आमचा मालक ओरडत असतां मुकला.

पाश्चात्य विचारवंतांपैकीं ह्यूमनें अठराव्या शतकांत या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे बोट दाखविलें. जी वस्तु दीर्घकाळ आपल्या दृष्टीसमोर आहे व आपल्या उपयोगीं पडत आली आहे, तिचा वियोग माणसाला सर्वांत असह्य होतो; आणि जी कधीं भोगलीच नाहीं तिच्यावांचून तो सुखानें राहूं शकतो. हें मनोधर्माचें वर्णन झालें. त्यावरून हक्क सिद्ध होतो असें म्हणतां येणार नाहीं. तथापि बेलिफानें सामान रस्त्यावर काढलेलें ज्यानें पाहिलें आहे, देव्हारा कोणत्या हातगाडीवर ठेवावा या विवंचनेंत उभी असलेली गृहिणी ज्यानें पाहिली आहे, त्याला या मनोधर्मास न्यायाच्या तराजूंत कांहींच वजन नाहीं असेंहि म्हणवणार नाहीं.

आतां माझी स्वतःची गोष्ट. मी गिरगांवांतील एका जुन्या इमारतींत भाडेकरू आहें. माझे आजोबा त्या दोन खोल्यांत राहावयास आले तेव्हां भाडें बावीस रुपये होतें. आज तें सर्व वाढी धरून, उपकर वगळतां, शंभरीच्या आंतच आहे. इमारतीची मालकीण एक विधवा बाई होत्या व त्या तळमजल्यावर आमच्याएवढ्याच दोन खोल्यांत राहात. त्यांच्या मुलाचें लग्न ठरलें तेव्हां त्यांनीं आमच्या जागेसाठीं दावा लावला. वडील थकले होते. कैफियत मीं तयार करविली. दावा बारा वर्षें चालला आणि आमच्या बाजूनें लागला. त्या दिवशीं आम्हीं चाळींत पेढे वाटले. तळमजल्यावरील एका दारापुढून मात्र तें ताट तसेंच पुढें गेलें. मुलगा तोंपर्यंत दूर उपनगरांत भाड्यानें राहावयास गेला होता. पुढें मालकीणबाई त्याच दोन खोल्यांत एकट्या वारल्या.

त्याच काळांत सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं माझ्या वडिलांचें एक लहानसें घर होतें. नोकरीमुळें तेथें राहणें होईना, म्हणून तें एका शिंप्याला भाड्यानें दिलें. त्यानें ओटीवर यंत्र मांडलें, माजघरांत संसार थाटला, तीन मुलांची लग्नें त्याच अंगणांत केलीं. सेवानिवृत्त झाल्यावर मला वाटलें, आतां वडिलांच्या वास्तूंत जाऊन राहावें. मीं जागा मागितली. त्यानें नम्रपणें नकार दिला. मीं दावा लावला. त्या दाव्याचे कागद शोधीत असतां कपाटांतून दोन फाइली एकदमच हातीं आल्या. एकींत मीं लिहविलें होतें: 'प्रतिवादी कित्येक वर्षें या जागेंत राहात असून त्यास अन्यत्र जागा मिळणें अशक्य आहे, वादीची गरज बनावट आहे.' दुसरींत लिहविलें होतें: 'वादीस वृद्धापकाळीं स्वतःच्या वास्तूंत राहण्याची निकडीची गरज आहे, प्रतिवादी केवळ अल्प भाड्याच्या लोभानें जागा अडवून बसला आहे.' दोहोंखालीं सही माझीच होती. दोन्ही वेळां सही करतांना मला रतिमात्र संकोच वाटला नव्हता.

त्या दोन फाइलींनीं मला जें शिकविलें तें असें कीं, या प्रश्नांत ज्याला आपण न्यायबुद्धि म्हणतों ती पुष्कळदां आपण कोणत्या बाजूला उभे आहों याची केवळ छाया असते. म्हणूनच कायद्यांतील एका कलमाविषयीं मला अलीकडे मोठा आदर वाटूं लागला आहे. मालकाची गरज खरी ठरली तरी तेवढ्यानें निकाल लागत नाहीं. कोणाला अधिक हाल सोसावे लागतील, जागा न मिळाल्यास मालकाला कीं काढल्यास भाडेकरूला, हें न्यायालयानें तोलून पाहावयाचें असतें. आणि जागेचा कांहीं भाग देण्यानें कोणाचेच हाल होत नसतील तर तेवढ्याच भागापुरता हुकूमनामा करावयाचा असतो. १९४७ च्या कायद्यांत हें होतें, १९९९ च्या कायद्यांतहि आहे. रूक्ष कलमांच्या रानांत ही तरतूद एखाद्या पाणपोईसारखी वाटते. शेजाऱ्याच्या जागीं स्वतःला बसवून पाहावें, हा जो उपदेश संतांनीं केला, तोच येथें न्यायाधीशाला कर्तव्य म्हणून सांगितला आहे. कारण वादी-प्रतिवादी आपण होऊन तें करणार नाहींत हें कायदा करणाराला ठाऊक होतें.

यावर एक आक्षेप येईल आणि तो सबळ आहे. ज्याची गरज मोठी त्याचा हक्क मोठा, असें मानलें तर मालकीला अर्थच काय उरला? उद्यां रस्त्यावरील निराधारानें माझ्या दिवाणखान्यावर हक्क सांगितला तर? याचें उत्तर मला असें दिसतें कीं, गरज ही मालकी उत्पन्न करीत नाहीं. ती फक्त मालकीच्या वापराला मर्यादा घालते, आणि तीहि जेथें मालकानें स्वतः होऊन दुसऱ्याला आंत घेतलें, त्याच्या आयुष्याची घडी त्या वास्तूभोंवतीं बसूं दिली, तेथेंच. वाटसरू आणि भाडेकरू यांत हाच भेद आहे. पण यांतूनच भाडेकरूच्या हक्काचीहि सीमा ठरते. त्याचा नैतिक हक्क राहण्यांतून जन्मला. राहणें संपलें कीं तोहि संपला. जो दुसरीकडे स्वतःचें प्रशस्त घर बांधून जुन्या खोलीला कुलूप लावून ठेवतो, किंवा मोठी रक्कम घेऊन ती तिसऱ्याच्या हवालीं करतो, त्यानें आश्रयाचें रूपांतर व्यापारांत केलें. पागडीला १९४७ चा कायदा गुन्हा म्हणत होता; १९९९ च्या कायद्यानें तिला मान्यता दिली. जें सर्रास चालतें त्याला कायद्यानें मान द्यावा यांत व्यवहारज्ञान असेल. पण अडचणींतल्या माणसाला दिलेली ढाल बाजारांत विकली जाऊं लागली म्हणजे ती ढाल राहात नाहीं.

दुसरा आक्षेप याहून बोंचणारा आहे. भाडेकरूवर दया करावयाची तर ती समाजानें करावी. एकट्या मालकाच्या खिशांतून कां? या आक्षेपाला मला उत्तर सांपडलेलें नाहीं. घरें बांधणें, स्वस्त जागा पुरविणें, हें साऱ्या समाजाचें काम. त्याला पैसा लागतो, कर लागतो, दूरदृष्टि लागते. त्याऐवजीं आम्हीं एक सोपा मार्ग काढला: शेजाऱ्याच्या पैशानें उदार झालों. आणि याचें प्रायश्चित्त पुढच्या पिढीला मिळालें. १९७३ सालीं त्या वेळच्या परवानाधारकांनाहि कायद्यानें भाडेकरू ठरविलें. त्यानंतर जागा देणारा प्रत्येक मनुष्य सावध झाला. आज नवें जोडपें जागा शोधावयास निघालें तर त्याला भाडेपावती मिळत नाहीं. मिळतो तो बहुधा अकरा महिन्यांचा परवाना-करार. मुदत संपली कीं सामान बांधावें, मुलाची शाळा बदलावी, नवा दलाल गांठावा. आजोबांना अढळपद मिळालें आणि नातू दर वर्षीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो. आणि दोघेहि एकाच कुटुंबांतले असूं शकतात.

या सर्वांत काळाचा भाग केवढा मोठा आहे हेंहि विसरतां येत नाहीं. जो ताब्यांत आहे त्याच्या बाजूनें काळ स्वतःच वकिली करतो, आणि फी घेत नाहीं. लग्नासाठीं मागितलेली जागा त्या मुलाचे केस पिकल्यावर मिळते किंवा नाकारली जाते. मूळ वादी जातो, त्याचे वारस रेकॉर्डवर येतात, प्रतिवादीहि जातो. शेवटीं ज्या दोन व्यक्तींच्या हालांची तुलना करावयाची त्या दोघीहि जगांत नसतात आणि निकाल मात्र त्यांच्याच नांवानें लागतो. बारा वर्षांनीं आम्हीं जिंकलों तें कैफियतीच्या बळावर कीं मालकीणबाईंच्या मुलानें तोंवर उपनगरांत जागा शोधली होती म्हणून, हें मला आजतागायत निश्चित सांगतां येत नाहीं.

माझ्या दाव्याचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. साक्षीच्या आदल्या दिवशीं माझ्या वकिलांनीं सहज विचारलें, 'हें घर मिळालें तर गिरगांवची जागा आपण सोडणार ना?' मीं म्हटलें, 'तेथें मुलगा राहतो. त्याची नोकरी मुंबईस आहे.' वकील कांहीं बोलले नाहींत. कागद चाळूं लागले. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. सकाळीं मी न्यायालयांत जाण्याऐवजीं शिंप्याच्या ओटीवर गेलों. तडजोड झाली: ओटी व माजघर त्याच्याकडे राहिलें, मागील दोन खोल्या व विहीर माझ्याकडे आली. वर्षांतून चार महिने मी तेथें असतों. यंत्राचा आवाज पहांटेपासून सुरू होतो. त्याची आतां संवय झाली आहे.

गिरगांवच्या जागेचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं. मालकीणबाईंच्या मुलाला मीं अधिक भाडें देऊं केलें. तो म्हणाला, 'काका, कायद्यानें ठरल्यापेक्षां अधिक भाडें घेणें हाच गुन्हा आहे. उद्यां तुमच्याऐवजीं दुसरा कोणी तक्रार करील.' तो खरें बोलत होता. माझ्या पश्चात्तापालाहि कायद्याची परवानगी नव्हती. मग मीं जिन्याच्या कुजलेल्या सात पायऱ्या स्वखर्चानें बदलून घेतल्या. याला दान म्हणतां येणार नाहीं, न्याय तर नाहींच नाहीं. त्या पायऱ्यांवरून माझाच नातू शाळेंत जातो. जागा सोडावी काय, हा प्रश्न मीं मुलापुढें एकदां काढला. तो म्हणाला, 'सोडून जाऊं कोठें?' आजोबांनीं हेंच विचारलें असतें, वडिलांनीं हेंच विचारलें असतें, आणि मालकीणबाईंच्या मुलानेंहि त्या बारा वर्षांत हेंच कित्येकदां विचारलें असेल. वाचकांपैकीं ज्यांच्या कपाटांत अशी एकच फाइल असेल, त्यांनीं तिच्याशेजारीं दुसरी मनानें ठेवून पाहावी. माझ्या कपाटांत दोन्ही अजून एकाच फडताळावर आहेत.